आकेओमे

नववर्षाच्या सकाळी सुमिएचा फोन वाजला. तामोत्सुने हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. बायको जाऊन सदतीस दिवस झाले होते. तिचा फोन त्याने तिच्या अस्थींशेजारी चार्जिंगला लावून ठेवला होता, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पडद्यावर मुलीचा निरोप होता. ‘आकेओमे!’ पुढे एक नाचणारा ससा.

त्याचं डोकं फिरलं. नववर्षाचं अभिनंदन, आणि तेही पोरासोरांसारखं अर्धं तोडून! घरात सुतक. दाराला यंदा माळ नाही, जेवणात सणाचं काही नाही. डिसेंबरात त्याने स्वतःच्या हाताने सत्तर पत्रं लिहून कळवलं होतं, यंदा आमच्याकडे शुभेच्छा नकोत. मघाशी बर्फ काढताना भेटलेला शेजारीसुद्धा ‘यंदाही लोभ असावा’ एवढंच पुटपुटून मान खाली घालून गेला होता. परक्याला कळतं!

त्याने आपल्या फोनवरून लेकीला, चिझुरूला फोन लावला.

“लाज वाटत नाही तुला?”

“बाबा? काय झालं?”

“आकेओमे म्हणे! आईच्या अस्थी अजून घरात आहेत, आणि तू ससे नाचवतेस?”

“अहो, तो निरोप...”

“एक शब्द बोलू नकोस. एकोणपन्नासाव्या दिवशी अस्थी थडग्यात ठेवायला मी एकटा जाईन. तू येऊच नकोस. बस तिकडे शुभेच्छा वाटत!”

मग चिझुरूचाही आवाज चढला.

“झालं ओरडून? तुमच्या स्वतःच्या फोनवर मी काय पाठवलंय ते बघा आधी.”

त्याने फोन कानापासून काढून पाहिलं. ‘बाबा, थंडी फार आहे. जेवलात का?’ एवढंच. शुभेच्छा नव्हत्या.

“तुम्हाला म्हटलं का मी आकेओमे? सुतक मलाही कळतं.”

“मग आईला कसं म्हणालीस?”

“दरवर्षी पहिला निरोप आईलाच असतो माझा. आणि सुतक तुम्हाला आहे, मला आहे. आपलं माणूस गेलंय म्हणून.” तिचा आवाज फाटला. “तिचं कोण गेलंय, बाबा?”