खिडकीतला लाल कागद

कामगारांचे म्हणवणाऱ्यांनो, हेडलीला तुम्ही घरातलं जुनं कपाट समजलात. तो राबायचा ती इंग्लंडमधल्या डरहॅमची कोळशाची खाण बंद पडली, तरी दर निवडणुकीला त्याच्या खिडकीत तुमच्या पक्षाचा लाल कागद लागायचाच. तो दिसला की प्रचाराला आलेली तुमची माणसं "हे घर आपलंच" म्हणत शेजारचं दार वाजवायची. त्याची बायको मॉरीन वारली त्या वर्षीही ती माणसं तशीच पुढे गेली. हेडली आत चहाची किटली भरून, दोन कप मांडून बसला होता.

यंदा त्याने कागद काढला. दुसरा कुणाचा लावला नाही, नुसता काढला. तिसऱ्या दिवशी दार वाजलं. साहेबलोकांच्या निळ्या पक्षाची बाई होती. ती बसली, चहा प्याली, भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाली, "कधी गेल्या हो?"

तुम्ही हरलात आणि तुमचा उमेदवार दारात आला.

"काका, तीन पिढ्या आपलं घर! तुम्हीसुद्धा निळ्यांना मत दिलंत म्हणे? असं दिलं तरी काय त्यांनी?"

"दार वाजवलं," हेडली म्हणाला. "वाजवता तुलाही येतं की, आज वाजवलंस. मग कागद होता तोवर तुझा हात का उठला नाही रे? बोल!"