कानात सांगितलेलं नाव

खाटेभोवती तीन माणसं होती आणि तिघांच्याही हाका मारून झाल्या होत्या. प्रीतमनं 'आई' म्हटलं. त्याच्या मुलीनं, वर्षालीनं, 'आजी' म्हटलं. चर्चच्या पाळकसाहेबांनी 'सुवार्ताबाई' म्हटलं, प्रार्थना केली आणि पुन्हा 'सुवार्ताबाई' म्हटलं. म्हातारीचे डोळे मिटलेलेच राहिले. तिच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा नाडीचा आकडा बासष्टवरून हलला नाही.

"ऐकू येत असेल, हाका मारत राहा," डॉक्टर सकाळी म्हणाले होते. "संध्याकाळपर्यंत काहीच प्रतिसाद नसला, तर घरी न्यायचं का ते ठरवा." घरी नेणं म्हणजे काय, ते अमरावतीच्या दवाखान्यातल्या त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं.

वर्षाली चिडली होती. तिनं नुकतीच प्राणिशास्त्रात पदवी घेतली होती आणि 'हाका मारत राहा' हा तिला उपचार वाटत नव्हता. कोणती हाक? कोणाच्या आवाजात? आजीला एक जुनं नावही होतं. पातूरच्या शेतकरी घरात ती चतुरा म्हणून जन्मली, मिशनच्या दवाखान्यात कामाला लागली, बाविसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला आणि सुवार्ता झाली. सगळ्यात आधी शिकलेलं मेंदूत सगळ्यात शेवटपर्यंत टिकतं, असं वर्षालीनं वाचलं होतं. तिनं स्वतः 'चतुरा' म्हणून पाहिलं. बासष्ट. मग तिला वाटलं, आवाज परका आहे. म्हणून तिनं पातूरला फोन करून आजीच्या थोरल्या बहिणीला बोलावून घेतलं.

"बाप्तिस्म्यात घेतलेलं नाव आहे, बेटा," पाळकसाहेब हळूच म्हणाले. "ती त्या नावानं पन्नास वर्षं जगली. आता शेवटाला तिला मागं कशाला ओढतेस?"

"मी तिला पुढं ओढतेय, साहेब."

"पोरी, तू काय इथं प्रयोग करून राहिली का?" प्रीतम म्हणाला.

वर्षालीनं आजीलाच एकदा विचारलं होतं, तुझं खरं नाव कोणतं? आजी भाजी निवडत होती. "हाक मारणारा आन् ओ देणारा, दोघं मिळून नाव होते," ती म्हणाली होती. "एकट्याचं नाव नसते, पोरी." असल्या उत्तराचं करायचं काय, हे वर्षालीला तेव्हाही कळलं नव्हतं.

माणिकबाई दुपारी आल्या. अकोल्याला एसटी बदलून, नऊवारीला धूळ लागलेली, हातात संत्र्यांची पिशवी. बाप्तिस्म्यानंतर त्यांनी बहिणीशी बोलणं तोडलं नव्हतं, फक्त तिला नावानं हाक मारणं सोडलं होतं. लग्नाकार्यात भेट झाली की 'अवं बाई' म्हणायच्या. जुनं नाव बहीण घेऊ देत नव्हती आणि नवं त्या घेत नव्हत्या.

त्या खाटेजवळ बसल्या. बहिणीचा हात हातात घेतला.

"चतुरे," त्यांनी हाक मारली. "अवं चतुरे. मी माणिक आलो. ऊठ ना व!"

वर्षाली चिमट्याकडे पाहत होती. बासष्ट. एकसष्ट. बासष्ट.

"आणखी एकदा म्हणा, मोठी आजी. जोरात."

"चतुरे!" बाहेरून नर्स डोकावून गेली. बासष्ट.

"नाहीच," वर्षाली म्हणाली आणि भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. तिला स्वतःचाच राग आला होता. एवढ्या म्हाताऱ्या बाईला आपण उन्हातून ओढून आणलं, पाळकसाहेबांचं मन दुखवलं, आणि हाती काय आलं? प्रीतमनं आईची चादर, तांब्या, चष्मा पिशवीत भरायला घेतला.

"कावून भरून राहिला रे?" माणिकबाई म्हणाल्या.

"घरी नेतो, मावशी."

माणिकबाई वर्षालीकडे वळल्या. "तेचा अर्थ काय व? हिनं जे ठेवलं त्या नावाचा?"

"चांगली बातमी."

"चांगली बातमी!" त्या हसल्याच. "त्या बातमीनं आमच्या बापानं दोन दिवस घास नाई गिळला." मग त्यांचा आवाज खाली आला. "आमाले आत्या नोती, पोरी. हिच्या बारशाले पाळण्यापाशी मलेच बसवलं. सात वर्साची होतो. हिच्या कानात पयलं नाव म्या सांगतलं. अन् हिनं दुसरं ठेवलं, ते मले इचारलंबी नाई."

पाळकसाहेबांनी मान खाली घातली.

माणिकबाई उठल्या. पदर डोक्यावर घेतला, त्याचंच टोक बहिणीच्या डोक्यावर पसरलं आणि वाकून तिच्या कानाशी तोंड नेलं. एकदम थांबल्या.

"माह्या पाठीत धपाटा घाल न व कोणी! बारशात घालतेत का नाई?"

वर्षाली पुढं झाली. तिनं मोठ्या आजीच्या पाठीत हलकाच धपाटा घातला.

"कुर्रर्र," माणिकबाई बहिणीच्या कानात म्हणाल्या. "सुवार्ता. सुवार्ता. अवं सुवार्ते."

चिमट्यावरचा आकडा एक्क्याऐंशीवर गेला. दोन्ही डोळे उघडे होते.