वीतभर अंतर

पुढील शंभरेक शब्दांत मी माझी लाज नम्रपणे कथन करीत आहे. आमच्या मर्गिलान शहरात जनाजा मोहल्ल्यातील पुरुष आळीपाळीने खांद्यावर वाहतात. मी बुटका, तरीही वीस वर्षे शेजारच्या उंचपुऱ्या, थोरल्या भावासारख्या एरगाशअकांच्या जोडीने पुढचा दांडा मीच धरीत आलो. ते गुडघ्यांत वाकून चालत, तेव्हा मी सर्वांदेखत म्हणे, "अहो अका, उंटासारखं वाकून काय चालताय? ताठ चाला की." ते नुसते हसत. आज एरगाशअकांचाच जनाजा निघाला. मी अभिमानाने पुढे शिरलो. परंतु दांडा माझ्या खांद्याच्या वीतभर वरच राहिला. टाचा उंचावल्या, तरी टेकेना. मागून मोहल्ल्याचे न्हावी पुटपुटले, "मुमिन, खांदा देतोयस की सावलीत चालतोयस?" एवढी वर्षे अका कोणासाठी वाकत होते, ते तेव्हा उमगले, आणि त्यांच्याच सावलीत मी ताठ चालत राहिलो. वाचकांचा ऋणी, मुमिनजान.