लाल मावळे

संध्यानं दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे लाल रंगवून जेवणाच्या टेबलावर समोरासमोर मांडले. ईशानीला शाळेत फाँटनॉयची लढाई सांगायची होती. “हे इंग्रज, हे फ्रान्सकडून लढणारे आयरिश.” “बट आई, दोघांचेही कोट रेड?” “हो, पण राग एकाच बाजूला. इंग्रजांनी लिमरिक शहराच्या तहात दिलेला शब्द मोडला, आयरिश सैनिक फ्रान्सला परागंदा झाले. पन्नास वर्षांनी त्यांची मुलं-नातवंडं ‘लिमरिक आठवा!’ ओरडत इंग्रजांवर तुटून पडली.” “फिफ्टी इयर्स थांबले?” संध्यानं जेवणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. ‘आधी माझी नोकरी, मग तुझी डॉक्टरकी,’ म्हणत त्यानं तिला इथे आयर्लंडात, किलकेनीला आणलं होतं. काल म्हणाला, ‘आता कशाला? घर कोण बघणार?’ “मी नाही थांबणार,” म्हणत तिनं एक मावळा त्याच्या वरणभातात रोवला. “सोमवारपासून मी डब्लिनजवळ टॅलाच्या हॉस्पिटलात रुजू होतेय. घर तू बघ.” वरणात लाल रंग उतरू लागला.