कच्चा लाप

अंगणात चिंचेच्या ठोकळ्यावर माणसं डुकराचं मांस बारीक तोडत होती. आत थोंगसीच्या बायकोची, बुआफानची शवपेटी होती. संध्याकाळी तिला देवळात न्यायचं होतं आणि त्याआधी आलेल्यांना जेवू घालायचं होतं.

"थोंगसीदादा, जरा चव बघ," खामसिंगने परात पुढे केली. "तुझ्या लापची सर नाही येणार, पण वहिनीसाठी जीव ओतून केलंय."

थोंगसीने परातीत पाहिलं. लाल कच्चं मांस, त्यावर रक्त, भाजल्या तांदळाची भरड, पुदिना. सणाला तोही लाप असाच करायचा. गावात त्याच्याच हाताचं नाव होतं.

काल इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावून सांगितलं होतं. डुकराच्या कच्च्या मांसातून जंतू आला. त्याचं विष पेशींना भोकं पाडतं. मग रक्तातल्या राखणदार पेशी बिथरतात, एकमेकींना हाका मारतात आणि अंगभर आग लागते.

"जंतूपेक्षा त्या आगीनंच जास्त नुकसान केलं, काका."

"त्याच ताटातलं मीही खाल्लं होतं," तो म्हणाला होता.

"तुमच्या अंगात ती पेटली नाही. होतं असं कधी कधी."

तिला कच्चं कुणी दिलं, हे बाई विचारतील म्हणून तो मान खाली घालून बसला होता. त्यांनी विचारलं नाही.

"घे की रे," खामसिंग म्हणाला. "का आमच्या हातचं गोड लागत नाही?"

दोघंतिघं हसले. थोंगसीने परात घेतली आणि चुलीवरच्या कढईत उपडी केली. मांस चरचरलं, पांढरं पडलं.

"अरे, वेड लागलं का तुला? दारूबरोबर हे असलं भाजकं कोण खाईल? आणि कच्चं कुठं होतं ते? ढीगभर लिंबं पिळलीत मी. लिंबानं मांस शिजतं, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे!"

थोंगसी उलथनं फिरवत राहिला.

"ती नको नको म्हणत होती," तो म्हणाला. "मी हेच सांगून तिला भरवलं."

ठोकळ्यावरचे सुरे थांबले. खामसिंगच्या बोटांत चिकट भाताचा घास होता, शेजारच्या परातीतल्या कच्च्या मांसाला लावलेला. तो तोंडात घालावा की खाली ठेवावा, त्याला कळेना.