गाणं संपल्यावर गाडी सोडणेबाबत

वसंतची गाडी चुकली. पण हे आपल्याला ठाऊकच नाही असं धरू. कारण अजून दुपारचे अडीच वाजताहेत, मुंबईची गाडी नागपूर स्टेशनात उभी आहे आणि कुवेतला निघालेल्या वसंतच्या पेटीवर तुळसाबाई बसली आहे.

भोवती मोहल्ल्यातल्या सहा बाया आणि एक ढोलकी. कोणी परमुलखात निघालं की तुळसाबाई एक गाणं म्हणे. तिचा भाऊ लढाईच्या काळात इराकात बसऱ्याला मजुरीला गेला होता, त्याच्या हालांचं. एका हालाचं एक कडवं, अशी एकवीस.

आगबोटीत चढला भाऊ, काठाले राह्यलं गाव,
मुकादम हाक देते, नंबर झालं नाव.

"मावशी, उठ वं," वसंत म्हणाला. "पासपोर्ट पेटीत हाय."

"अर्धं गाणं सोडलं त मानूस अर्धाच वापस येते," तुळसाबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "कोनता अर्धा पाह्यजे, तुह्या बायकोले विचार."

बायकोला, देवकीला, दोन्ही अर्धे हवे होते आणि इथेच हवे होते. तिने हे घरी चार वेळा सांगून पाहिलं होतं. घरी ढोलकी नव्हती, म्हणून कोणी ऐकलं नाही.

एकविसावं कडवं संपलं. गार्डाने शिट्टी तोंडात धरली. तुळसाबाईने उठण्यासाठी गुडघ्यांवर हात टेकले. आणि आजवर आरतीतसुद्धा नुसते ओठ हलवणाऱ्या देवकीने पदर खोचून बाविसावं उचललं.

फोटो धाडशीन गा पत्रात, फोटोले येत नाही घाम,
घर गळलं त फोटो का करन कवेलू फेरायचं काम?

तुळसाबाई परत बसली. "हे नवं हाय," ती ढोलकीवालीला म्हणाली. "वाजव."

"देवकी, काय करून राहिली तू?" वसंतने विचारलं.

"गाऊन राहिली," देवकी म्हणाली आणि तेविसाव्याला लागली.

गाडी हलली. वसंत दोन पावलं धावला, पेटीकडे पाहून थांबला. सव्विसाव्या कडव्याला त्याच्या हातात टाळ होते. ते कोणी दिले, हे कोणी कबूल केलं नाही.

जाताना देवकीने स्टेशनमास्तरांच्या टेबलावर अर्ज ठेवला: 'अर्जदाराचा नवरा पुन्हा परदेशी निघाल्यास, गाणे पूर्ण होईपर्यंत गाडी फलाटावर थांबवून ठेवावी, ही नम्र विनंती. कडवी तूर्त एकतीस. अर्जदार यापुढे रोज एक वाढवणार आहे.'