काका बघतायत ना

चौथ्या मजल्याच्या कठड्यावर पोरगी उभी राहिली आणि खाली पुठ्ठेकाकांनी चक्क पाठ फिरवली.

पुठ्ठेकाका म्हणजे तिचे बाबाच. सिनेमात जो कुणी वरून पडतो, त्याच्यासाठी खाली पुठ्ठ्याचे रिकामे खोके रचायचे, हे त्यांचं काम. वीस वर्षं! खोके फसकन दबतात, पडणारा वाचतो. रचून झालं की काका बाजूला उभे राहायचे आणि मान वर करून बघायचे. बस, तेवढंच. पण वरच्याला तेवढंच लागायचं. काका बघतायत ना? मग सगळं ठीक, मार उडी!

आज वर त्यांचीच लेक. हिरॉइनऐवजी पडायचं होतं, पहिलंच काम. काकांनी खोके तीनदा उपसले, तीनदा रचले, एकेक दाबून पाहिला. तसूभर चूक नव्हती. पण ती कठड्यावर चढली आणि काकांना बघवेचना. वळले.

“ॲक्शन!”

काही नाही. पोरगी जागची हलेना.

“अगं ए, मुहूर्त बघतेस की काय?” फाइटमास्तर खेकसले. परत ॲक्शन. परत तेच. मास्तरांचं डोकंच फिरलं. “उतरवा हिला! ती दुसरी बसलीय ना, तिला पाठवा वर.”

काकांच्या जिवात जीव आला. उतरेल. जिन्यानं उतरेल, आपल्या पायांनी. रडेल, महिनाभर अबोला धरेल. धरू दे की! घरी तर येईल.

तेवढ्यात वरून हाक आली. एवढीशी.

“बाबा, खोक्यांत काही चुकलंय का? बघत का नाही तुम्ही?”

काकांच्या आत्ता लक्षात आलं. म्हणजे ही घाबरलीच नव्हती! ही बापासाठी थांबली होती. चुकलंय म्हटलं की झालं. एक शब्द. तोंड उघडलंसुद्धा त्यांनी. पण दोन वर्षं सरावाच्या गादीवर उड्या मारून मारून काळीनिळी झालेली पोर ती. रात्री तिच्या पाठीला मलम कोण लावायचं? हेच.

“नाही गं,” काका कसेबसे म्हणाले. “सगळं बरोबर आहे.”

“मग बघा ना इकडे!”

काका सावकाश वळले. मान वर केली.

नजर पोचली मात्र, पोरीनं कठडा सोडला. आणि ती हवेत असतानाच काकांना कळलं, वीस वर्षं आपण नुसते बघत नव्हतो, एकेकाला ढकलत होतो.